जुन्या सायकलचे ब्रेक लागत नाहीत: आधी रबरं बदलू की केबल?

दोनचाकी

नमस्कार मंडळी. मामांची जुनी इंग्लिश थ्री-स्पीड सायकल आता माझ्याकडे आली आहे. मागच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ६६ आणि ७ असे आकडे कोरलेले आहेत, म्हणजे हब तरी जुलै १९६६ चा. रंग, नक्षी, घंटी सगळं मूळचं. चालते झकास, पण थांबत नाही. ब्रेक दाबला की लिव्हर थेट हँडलला टेकतो आणि सायकल आपली पुढे पुढेच.

टायर २६ × १ ३/८, क्रोम केलेल्या स्टीलच्या रिम, दोन्हीकडे साइड-पुल कॅलिपर (केबल एका कडेने ओढते आणि दोन हात रिम आवळतात तो ब्रेक). ब्रेकची रबरं इतकी कडक झाली आहेत की नखाने ओरखडासुद्धा उठत नाही. केबल मूळच्याच असाव्यात. दोन्ही टोकांना निपल (खाचेत अडकणारे धातूचे छोटे मणी) आहेत, कॅलिपरकडे केबल आवळायचा बोल्टच नाही. मागच्या ब्रेकचं आऊटर (केबलचं बाहेरचं आवरण) सीटच्या खालच्या वळणावर तडकलं आहे.

आधी रबरं बदलू की केबल? हल्ली मिळणारी रबरं या कॅलिपरला बसतील का? सायकलचं मूळ रूप बिघडू नये असं मनापासून वाटतं, पण उतारावर जीव मुठीत धरून बसायचीही इच्छा नाही. जाणकारांनी सांगावं.

टांगमारे

स्टीलची रिम आणि वर पाऊस, म्हणजे चपलांचे तळवे हाच तुमचा तिसरा ब्रेक. :)

कानस

दोनचाकी, बदलायचं दोन्ही आहे, पण आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. लिव्हरमधून केबलचं निपल सोडवा. आता कॅलिपरचे दोन्ही हात बोटांनी रिमवर दाबून सोडून द्या. झटकन मागे आले तर कॅलिपर ठीक आहे. रेंगाळले तर मधल्या बोल्टवर जुनं तेल गोंदासारखं घट्ट बसलं आहे असं समजा. रबरं बाजूला काढून ठेवा, कॅलिपर खोला, रॉकेलने धुवा, पुसा, बोल्टवर तेलाचा एक थेंब आणि स्प्रिंगची टोकं हातांवर जिथे घासतात तिथे किंचित ग्रीस. परत बसवताना समोरचे दोन नट नीट जुळवा. आतला नट इतकाच आवळायचा की हात डुगडुगणार नाहीत पण अडकणारही नाहीत. मग तो पातळ पान्याने जागेवर धरायचा आणि बाहेरचा नट त्याच्यावर कसायचा. पुष्कळ जण इथेच घाई करतात आणि नंतर रबरांना दोष देतात.

कॅलिपर निर्दोष असेल तर इनर (केबलची आतली तार) हाताने मागेपुढे ओढून बघा. खरखर लागली की समजायचं, तुमच्या बोटांचं बळ रिमपर्यंत पोचतच नाहीये. तुमच्या वर्णनावरून मी तरी आधी आऊटरकडे बोट दाखवीन. ब्रेकचं आऊटर म्हणजे वेटोळी घातलेली पोलादी पट्टी. वरचं प्लॅस्टिक तडकलं की आत पाणी जातं, पट्टी गंजते, वेटोळ्यांत फटी पडतात. मग लिव्हरचा अर्धा प्रवास त्या फटी मिटवण्यातच संपतो. लिव्हर हँडलला टेकतो तो याच कारणाने. नुसती रबरं बदलून हे जाणार नाही.

गंज नको

कानसकाकांशी सहमत. भर एवढीच: नवं आऊटर घेताना आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी असलेलं घ्या. १९६६ च्या आऊटरमध्ये असं अस्तर नसायचं, तार थेट पट्टीवर घासायची. जुन्या कॅलिपरला नवं आऊटर आणि गुळगुळीत स्टेनलेस इनर घातलं की लिव्हर हलका होतो, तो फरक हातालाच कळतो.

आणि मूळ रूपाबद्दल. टायर, ट्यूब, रबरं, केबल या झिजण्यासाठीच बनवलेल्या वस्तू. ज्या कारखान्याने सायकल बनवली त्यालाही त्या बदलल्या जाणार हे ठाऊक होतं. फ्रेम, रंग, लिव्हर, कॅलिपर यांना जपा. केबल बदलल्याने सायकलचं मूळपण जात नाही.

जुनं ते सोनं

इथे मी वेगळं मत मांडतो. "झिजणारी वस्तू" म्हणून सरसकट सगळं कचऱ्यात टाकल्यामुळेच आज १९५०-६० च्या सायकलींवर मूळ आऊटर बघायला मिळत नाही. त्या काळच्या आऊटरचा रंग, वरचा उठाव, टोकाच्या टोप्या हल्लीच्या काळ्या चकचकीत नळीत कुठे? माझं म्हणणं, आऊटर तडकलेलं नसेल तर वाचवा. इनर ओढून काढा, आऊटर दोन्ही टोकांनी धुवा, पूर्ण वाळू द्या, ग्रीस लावलेलं नवं इनर घाला. तडकलं असेल तर बदला, पण जुनं फेकू नका. पिशवीत घालून वर "पुढचं" किंवा "मागचं" अशी चिठ्ठी लावून ठेवा. लांबी मोजायला आणि नंतर तसंच मिळालं तर ताडून बघायला उपयोगी पडतं.

गंज नको

फेकू नका याला माझा पूर्ण पाठिंबा. प्रदर्शनात ठेवायच्या सायकलसाठी तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण दोनचाकी उताराबद्दल विचारताहेत, त्यांना ही रस्त्यावर चालवायची आहे.

नवा पेडलवाला

माझ्याकडे गिअरच्या केबलचं आऊटर शिल्लक आहे, एकदम नवं. ते ब्रेकला चालेल का? दिसायला तसंच आहे.

वंगण

नाही. अजिबात नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा. हल्लीच्या गिअर आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ टाकलेल्या असतात आणि त्यांना धरून ठेवणारं फक्त वरचं प्लॅस्टिक असतं. गिअरला ताण कमी, तिथे ते उत्तम. ब्रेक जोरात दाबला की त्या तारा प्लॅस्टिक फाडून बाहेर येतात, आणि नेमक्या तेव्हाच, जेव्हा ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते. कापलेल्या टोकाकडे बघा: गोल पट्टी दिसली तर ब्रेकचं, ठिपक्यांसारखी तारांची टोकं दिसली तर गिअरचं. जाडीही वेगळी असते. ब्रेकचं बहुधा ५ मिमी, गिअरचं ४ मिमी. इनरही तसंच, ब्रेकचं साधारण १.५ ते १.६ मिमी आणि गिअरचं १.१ ते १.२ मिमी. गिअरची तार ब्रेकला वापरायची नाही.

नवा पेडलवाला

बापरे. बरं झालं विचारलं.

वंगण

आता दोनचाकींच्या दुहेरी निपलबद्दल. तुमच्या कॅलिपरला आवळायचा बोल्ट नाही म्हणजे केबल कारखान्यातूनच ठरावीक लांबीची यायची. तीन वाटा आहेत. त्या मापाची तयार केबल शोधा. किंवा खालच्या टोकाला केबल आवळणारा छोटा बोल्ट बसवा, कॅलिपरच्या खाचेत बसत असेल तर हे सर्वांत सोपं. किंवा खालचं निपल स्वतः सोल्डर करा. मी तिसरी वाट धरतो, कारण त्यात बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही.

पद्धत अशी. एका टोकाला कारखान्याचं निपल असलेलं चांगलं इनर घ्या. ते टोक लिव्हरकडे राहील. लिव्हरकडच्या खाचेत नासपतीच्या आकाराचं निपल बसतं की नळकांड्यासारखं ते आधी बघा. बऱ्याच इनरला एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरं असतं, नको असलेलं कापायचं. मग आऊटर, टोप्या, कॅलिपरचा ॲडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू), जे जे मधे यायचं ते सगळं आधी ओवून घ्या. सोल्डर झाल्यावर यातलं काहीही आत जाणार नाही. लांबी ठरवताना ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत ठेवा, म्हणजे पुढे केबल ताणली की बाहेर काढायला वाव राहतो.

सोल्डरसाठी पितळी निपल हवं, एका बाजूने भोकाचं तोंड जरा रुंद असलेलं. तार धारदार कटरने कापा, दाबून तोडू नका. निपल ओवलं की वरच्या दोन-तीन मिलिमीटर तारा फुलासारख्या उघडा आणि निपल मागे ओढून त्या रुंद तोंडात बसवा. सगळी ताकद या उघडलेल्या तारांतून येते. सरळ तार नुसती डागली तर ती ओढून निघते. स्टेनलेस तारेला साधा फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायचं रसायन) पुरत नाही, आम्लयुक्त फ्लक्स लागतो, आणि नंतर तो पाण्याने पूर्ण धुवावा लागतो. म्हणून सोल्डर करणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेली साधी तार घ्या. उष्णता निपलला द्या, तारेला नको. सोल्डर आपोआप आत ओढलं गेलं की काम झालं. गार झाल्यावर निपल व्हाइसमध्ये अडकवून केबल अंगाचा भार टाकून ओढा. इथे निघालं तर बरंच झालं, रस्त्यावर निघायला नको.

सावकाश

वंगण, वाचनखूण साठवली. एक शंका, सोल्डर केलेल्या निपलवर समोरच्या ब्रेकचा भरवसा ठेवावा का? मी तर तिथे आवळायचा बोल्टच पसंत करेन. तो डोळ्यांना दिसतो, पान्याने तपासता येतो.

वंगण

रास्त शंका आहे. ज्याने कधी सोल्डर केलेलं नाही त्याने बोल्टच वापरावा, तोही केबल आरपार जाणारं भोक असलेला आणि नीट आवळलेला. ओढून तपासलेलं सोल्डर मात्र टिकतं. जुन्या केबल मी बघितल्या त्यातल्या बहुतेक निपलमधून सुटून नव्हे, तर लिव्हरमध्ये निपलच्या अगदी बुडाशी तुटल्या. निपल खाचेत फिरेनासं झालं की प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना तार त्याच जागी वाकते आणि एकेक तार तुटत जाते. लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि आत बघा, तुटलेल्या तारा मांजराच्या मिशांसारख्या बाहेर आलेल्या दिसतात. एकही दिसली तरी केबल बदला. नवं निपल बसवताना खाच साफ करून त्यावर ग्रीसचा ठिपका द्या, ते फिरत राहिलं पाहिजे.

कानस

वा! हा ग्रीसचा ठिपका सगळ्यांनी करावा असा.

डायनॅमो

केबलवर बरंच झालं, आता रबरांकडे वळू. स्टीलच्या क्रोम रिमवर साधं काळं रबर कोरड्यात बरं चालतं, ओल्यात जवळपास चालतच नाही. क्रोम गुळगुळीत असतं, त्यावर पाण्याचा थर बसतो आणि रबर त्याच्यावर घसरत राहतं. ॲल्युमिनियमच्या रिमवरचं पाणी चाक थोडं फिरलं की पुसलं जातं, पकड परत येते. स्टीलवर ती तशी लवकर येत नाही. म्हणून स्टील रिमसाठी चामड्याची पट्टी चिकटवलेले ब्लॉक निघाले, फायब्रॅक्स कंपनीचे "रेनचीटर" त्यातले प्रसिद्ध. मी तेच सुचवेन. फक्त ॲल्युमिनियमच्या रिमला ते लावायचे नाहीत, चामड्यात रेतीचे कण रुततात आणि रिम खरवडली जाते.

सावकाश

चामड्याचे ब्लॉक मीही वापरले आहेत. ओल्यात चांगले, कबूल. पण कोरड्यात मला ते मऊ दाबाला फारसे लागत नाहीत आणि जोरात दाबले की एकदम पकडतात असं वाटतं. माझं मत कूल-स्टॉप कंपनीच्या तांबूस गुलाबी रबराला. त्यात लोहाचं ऑक्साइड मिसळलेलं असतं, स्टीलवर ते काळ्या रबरापेक्षा उजवं ठरतं आणि ॲल्युमिनियमवरही चालतं. पुढेमागे रिम बदलली तरी रबरं तीच राहतात.

डायनॅमो

एकदम पकडतात हे खरं, नव्याचे नऊ दिवस. चामडं रिमवर घासून जुळलं की ते कमी होतं. आणि मुसळधार पावसात दोन्ही शेजारी लावून बघा, मग बोलू.

जुनं ते सोनं

रंगाचं काय? हिरव्या सायकलला तांबूस रबरं? डोळ्यांत भरतं हो.

सावकाश

गाडी थांबली की मग डोळे हवं ते बघायला मोकळे. :)

अठ्ठावीस इंची

मंडळी, रॉड ब्रेकवाल्यांना विसरू नका. माझी २८ × १ १/२ ची रोडस्टर आहे. आमच्याकडे केबलच नाही, लिव्हरपासून चाकापर्यंत सळया. रबरं रिमच्या बाजूला लागत नाहीत, आतल्या म्हणजे हबकडच्या अंगाला लागतात. घोड्याच्या नालेच्या आकाराचा स्टिरप वर खेचला जातो आणि रबर खालून रिमला टेकतं. त्यासाठी रिमही वेगळी, वेस्टवुड घाटाची, कडेला गोलसर. तिला कॅलिपर बसत नाहीत, बाजू सपाट नसतात. बाजू सपाट असते ती एन्ड्रिक रिम.

आमची मजा अशी की रिम डावी-उजवीकडे थोडी लचकत असेल तरी ब्रेक छान लागतो. पण चाक वर-खाली उडत असेल तर लिव्हर हातात धडधडतो. म्हणून रॉड ब्रेकची रबरं बदलण्याआधी त्या दिशेचा आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायचा. रबर झिजलं की सळई धरणारा बोल्ट सैल करून सळई थोडी सरकवायची. तिथे सळई घसरत असेल तर नुसतं आवळत बसू नका. बोल्टचे आटे गेलेले असतात, बोल्टच बदला. सांध्यांना तेल द्या, सळयांत हिसका राहता कामा नये.

चढउतार

आणि आम्ही सेंटर-पुलवाले, म्हणजे केबल मधोमध ओढते ते! माझ्या जुन्या टेन-स्पीडला वाइनमन कंपनीचे ६१० ब्रेक आहेत. मधली मुख्य केबल वेगळी आणि दोन हातांना जोडणारी छोटी केबल वेगळी. सगळे मोठी केबल बदलतात, ही छोटी वर्षानुवर्षं तशीच राहते. ती बदलाच. आणखी महत्त्वाचं, समोरची मुख्य केबल तुटली तर ही छोटी केबल टायरवर पडून चाक जागच्या जागी अडकवू शकते. समोर मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर ती तिला वरच्या वर झेलते. "जुनाट दिसते" म्हणून ती पट्टी काढून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

हल्ली लोक २७ इंची चाकं काढून ७०० सी घालतात. त्यात रिमची त्रिज्या ४ मिमीने कमी होते (६३० ऐवजी ६२२ मिमी व्यास), रबरं तेवढी खाली सरकवावी लागतात. खाचेत जागा उरली नसेल तर रबर टायरला घासतं आणि टायर फाटतो. आधी मोजा, मग चाकं घ्या.

टांगमारे

विषयांतर करतो. समोरचा ब्रेक उजव्या हाताला की डाव्या? माझ्या दोन सायकलींत उलटसुलट आहे आणि दर वेळी दचकायला होतं.

अठ्ठावीस इंची

इंग्लिश सायकलला उजव्या हाताला समोरचा, युरोपच्या मुख्य भूमीवरच्या बहुतेक सायकलींना डाव्या हाताला. दोन्ही सायकली तुम्हीच चालवत असाल तर केबल बदलताना सरळ एकसारखं करून टाका. आणीबाणीत डोकं नाही, हात विचार करतो.

गंज नको

आणि केबल ज्याच्या नावाने ओळखली जाते तो अर्नेस्ट बाउडनही इंग्लंडमध्येच राहणारा. त्याचं पेटंट १८९६ चं. तोवर सळया किंवा दोऱ्या. एवढ्या वर्षांत कल्पनेत फारसा फरक पडला नाही, आत बारीक अस्तर आलं तेवढंच.

कानस

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दोनचाकींनी विचारलं होतं, हल्लीची रबरं बसतील का. बसतात, पण तीन गोष्टी बघून घ्या. जुन्या कॅलिपरला आट्यांचा खिळा असलेलं रबर लागतं. गुळगुळीत दांड्याचं रबर कँटिलिव्हर आणि काही सेंटर-पुलसाठी असतं, ते यात नको. दुसरं, जाडी. हल्लीची लांब, जाड रबरं लावली तर कॅलिपर उघडा असतानाही रिमला घासतात. तिसरं, मागे फ्रेमच्या नळ्यांना आणि पुढे चिमट्याच्या दांड्यांना टेकतात का ते चाक फिरवून बघा.

मूळ होल्डर (रबर धरणाऱ्या धातूच्या खोबणी) ठेवायचे असतील तर त्यातलं रबर सरकवून काढता येतं. पकडीने ओढा, फार घट्ट असेल तर साबणाचं पाणी सोडा. नवं रबर त्याच पाण्याने सरकवा, तेल लावू नका. आणि हे कोरून ठेवा: होल्डरची बंद बाजू नेहमी पुढे, सायकलच्या जाण्याच्या दिशेला. रबराच्या जागी रिम पुढच्या दिशेने धावते आणि ब्रेक दाबला की रबराला पुढे ओढते. उघडी बाजू पुढे ठेवली तर रबर होल्डरमधून सुटून रस्त्यावर जाऊन पडेल.

दोनचाकी

किती सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी! काल कॅलिपर सोडवून कानसकाकांची चाचणी केली. पुढचा हात झटकन आला, मागचा रेंगाळला. मागच्या बोल्टवर खरंच तपकिरी लुकण बसलं होतं. आणि उजव्या लिव्हरमध्ये टॉर्च मारला तर वंगण यांनी सांगितलेल्या मिशा दिसल्या! निपलजवळच्या तीन तारा तुटल्या होत्या. समोरच्या ब्रेकची केबल! आता मूळ केबल ठेवायचा मोह संपला. आऊटर मात्र चिठ्ठी लावून ठेवलं आहे, जुनं ते सोनं यांच्या शब्दाखातर.

जुनं ते सोनं

धन्यवाद हो. आणि मिशा दिसल्यावर केबल बदललीच पाहिजे, याबाबत माझं काही वेगळं मत नाही.

डायनॅमो

दोनचाकी, रबरं लावण्याआधी रिम साफ करा. क्रोमवरच्या गंजाचे ठिपके ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासले की जातात. मग स्पिरिटने पुसा. वंगणाचा फवारा चाकांच्या आसपासही नको. रिमचा आऊट काढून घ्या, नाहीतर रबरं जवळ आणता येणार नाहीत आणि लिव्हर परत हँडलला टेकेल.

चढउतार

आणि ब्रेक किंचाळू नये म्हणून रबराचं पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे, मागचं साधारण एक मिलिमीटर मागे. काही जण त्यासाठी कॅलिपरचा हात पान्यात धरून पिळतात. जुन्या ॲल्युमिनियमच्या हातांना कृपा करून असं करू नका, तडे जातात. त्यापेक्षा रबरच कानशीवर किंचित तिरकं घासा. काम तेच होतं, कॅलिपर वाचतो.

सावकाश

एक विचार मांडतो, आवडेल त्याने घ्यावा. सगळं करूनही स्टीलची रिम ओल्यात स्टीलचीच राहणार. जुन्या इंग्लिश सायकलींना बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. ४० भोकांची ॲल्युमिनियमची रिम मिळणं कठीण, पण ५९० मिमी मापाची (तुमच्या २६ × १ ३/८ टायरची) ३२ भोकांची मिळू शकते. मग फक्त पुढचं चाक बदलायचं. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, खरी थांबवण्याची ताकद तिथेच असते. मागचा हब, मागची रिम, मूळ गिअर सगळं जसंच्या तसं. जुनी पुढची रिम कोरड्या जागी टांगून ठेवा.

जुनं ते सोनं

यावर मी विरोध करणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण ही गोष्ट उलटवता येते. कापलेली फ्रेम परत जुळत नाही, टांगलेली रिम परत चाकात येऊ शकते. चालेल.

दोनचाकी

अपडेट. दोन्ही केबल झाल्या. सोल्डरच्या वाटेला गेले नाही, खाली भोकवाला बोल्ट बसवला, खाचेत चपखल बसला. अस्तरवालं करडं आऊटर मिळालं, लांबून मूळचंच वाटतं. कापलेलं टोक कानशीने सपाट केलं, आत दबलेली नळी सुईने गोल करून मगच टोपी घातली. रबरं तांबूस लावली, बंद बाजू पुढे, दोनदा तपासून. डायनॅमो, रागावू नका, पुढे रिम बदलायचा विचार असल्याने चामडं टाळलं.

लिव्हर आता निम्म्यावर येऊन थांबतो आणि सायकलसुद्धा! रिमवर पाणी ओतूनही बघितलं. कोरड्याइतकं नाही, पण पूर्वीसारखी नुसती घसरत जात नाही. मोकळ्या, सपाट जागेत आधी पायी ढकलत, मग हळू चालवत तपासलं.

दोन शंका. मागचं एक रबर रिमच्या जवळ राहतं, दुसरं लांब. आणि पुढची रिम बदलली तर जुनेच आरे चालतील का?

डायनॅमो

रागावतो कशाला, कारण पटलं. रिम बदलेपर्यंत पावसात ब्रेक जरा आधीपासून हलका दाबत राहा.

कानस

मध्य साधायला कॅलिपरच्या मागचा नट थोडा सैल करून सगळा कॅलिपर किंचित फिरवा आणि परत कसा. तरीही तिकडेच झुकत असेल तर लांब राहिलेल्या बाजूच्या स्प्रिंगच्या वळणावर पंच ठेवून हातोडीची एक हलकी टिचकी द्या. एकच, मग बघा.

वंगण

आरे शक्यतो नवे घ्या. ॲल्युमिनियमच्या रिमची भोकं हबपासून त्याच अंतरावर असतील असं नाही, लांबी बदलते. रिम हातात आल्यावर तिचा आतला व्यास मोजा आणि मगच आरे घ्या. आणि नव्या केबल पहिल्या काही फेऱ्यांत थोड्या सैल होतात. आऊटर टोप्यांत बसतं, तार बोल्टखाली दबते. तेव्हा आठवडाभराने बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा, ढिलाई ॲडजस्टरने काढा, आणि तारेचं उरलेलं टोक टोपी दाबून बंद करा, नाहीतर ते उसवत वर चढतं.

दोनचाकी

तारेच्या टोकाची टोपी राहिलीच होती, आज लावते. पुढचं चाक विणायला घेतलं की त्याचा वेगळा धागा काढेन.